घरच्यांना घेऊन कच्च्या रस्त्यावर जायचंय, गाडीत आधी काय करून घेऊ?

कच्चारस्ता

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी सहा वर्षं वापरलेली डिझेल फोर बाय फोर घेतली. लो रेंज (जोर वाढवणारे सावकाश गिअर) आहे, डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) नाही. आत्तापर्यंत चार-पाच वेळा कच्च्या रस्त्यावर गेलोय, पण दर वेळी पुढच्या गाडीत कोणीतरी मुरलेला माणूस असायचा. आता पहिल्यांदाच घरच्यांना न्यायचा बेत आहे. बायको, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आई. आई ६७ वर्षांची, गुडघे दुखतात, तरी येणारच म्हणते. तीन दिवस, दोन रात्री तंबूत. कच्चा रस्ता १८० किलोमीटरच्या आसपास, त्यात दगडी चढ, थोडी वाळू आणि एक ओढा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही.

मी खरेदीची यादी केली होती: विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी), तो बसवायला लोखंडी बंपर, छतावर रॅक आणि छतावरचाच तंबू, दोन इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), लाइट बार. बायकोला दाखवली. तिने सगळी वाचली आणि दोन गोष्टी विचारल्या. "यात मुलांसाठी काय आहे?" आणि "गाडी अडकली आणि तुलाच लागलं, तर मी काय करायचं?" मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून यादी तशीच पडून आहे. हातात पाच आठवडे आहेत आणि पैसे मोजके. आधी काय करू आणि यादीतलं काय सोडून देऊ, ते अनुभवी लोकांनी सांगावं.

---

चाकोरी

यादी राहू दे बाजूला. तुमच्या बायकोचा दुसरा प्रश्न धरा, सगळी तयारी त्यातूनच निघेल. मी १४ वर्षं अशा वाटांवर गाडी चालवतेय, त्यातली १२ मागच्या सीटवर पोरं बसवून. तुमच्या यादीतल्या बहुतेक वस्तू गाडीला आणखी आत, आणखी अवघड जागी नेणाऱ्या आहेत. घरची माणसं बरोबर असली की मला एवढंच हवं असतं: ठरल्या वेळी, सगळे धडधाकट, परत डांबराला लागणं.

माझा क्रम सांगते. आधी गाडीच्या आतलं, मग टायर, मग अडकलेली गाडी काढायचं सामान. बाकीचं पैसे उरले तर.

आतलं आधी का, ते सांगते. मोठी मुलगी चार वर्षांची असतानाची गोष्ट. वेग फार तर १५ असेल. उतारावर पावसाने कापलेल्या घळीत पुढचं डावं चाक गेलं, गाडी नाकावर दाणकन बसली आणि जागीच थांबली. आम्हाला कोणाला पट्टा काचलासुद्धा नाही. पण मागे सामानाच्या ढिगावर मीच ठेवलेला जॅक सीटच्या पाठीवरून उडाला आणि तिच्या चाइल्ड सीटच्या डोक्याशेजारच्या पंखावर येऊन आदळला. प्लास्टिकला अंगठ्याएवढी खाच पडली. ती खाच आणि तिचा कान यांत चार बोटांचं अंतर होतं. दणका बसलेली सीट परत वापरायची नसते, म्हणून नवी घेतली, पण ती जुनी अजून माळ्यावर आहे. दर प्रवासाच्या आदल्या रात्री सामान बांधताना मला ती आठवते.

तेव्हापासून माझ्या गाडीत एकही जड वस्तू मोकळी नसते. हिशेब करून बघा. ५० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या जवळजवळ २० पट जोराने धरून ठेवावं लागतं. म्हणजे पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन मागच्या सीटला ४०० किलोने ढकलणार, आणि त्या सीटवर तुमची पोरं.

फरशीतल्या लोखंडी कड्यांना रॅचेट पट्टे लावा, चार पुरतात. रबरी ताणदोर चालत नाही, तो नेमका गचक्याला ताणला जातो आणि वस्तू सुटते. जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचणार असाल तर मधे जाळी हवी, आणि तीसुद्धा बोल्टला अडकवलेली. कपडे लटकवायच्या प्लास्टिकच्या हुकाला बांधलेली जाळी म्हणजे नुसता पडदा. जॅक, पाना, फावडं या लोखंडी वस्तूंकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण त्या सारख्या काढाव्या लागतात आणि घाईत पुन्हा बांधायच्या राहतात.

चाइल्ड सीट: धाकटा त्या सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्याला मागे तोंड करूनच बसवा. सीट लावली की पट्टा जिथून जातो तिथे दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर ती नीट लागलेलीच नाही. वरचा टेदर पट्टा (सीटचा माथा मागे गाडीला बांधणारा) असेल तर तो लावायचाच, बरेच लोक तो विसरतात. मुलीला पाठ असलेला बूस्टर घ्या. नुसत्या बैठकीच्या बूस्टरवर पोर झोपलं की मान कलंडते आणि खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो. कच्च्या रस्त्यावर पोरं झोपतातच, गाडी पाळण्यासारखी हलत असते. सावकाश चाललोय म्हणून पट्टा सोडायचा, हे कोणालाच नाही.

आईंना पुढची सीट द्या. मागे दोन चाइल्ड सीटच्या मधे जी चिंचोळी जागा उरते ती दुखऱ्या गुडघ्यांची नाही. चढ-उतरायला एक घडीचं स्टूल ठेवा, दिवसातून पंधरा वेळा लागेल.

आता टायर. साइडवॉलवर उत्पादनाचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. तुमची गाडी सहा वर्षांची, टायर मूळचेच असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, बदलून टाका. यादीतल्या सगळ्या पैशांतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर घेईन, पाच. पाचवी स्टेपनी, पूर्ण मापाची आणि त्याच जातीची.

त्यानंतर एक चांगलं गेज आणि कॉम्प्रेसर. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, रुंदीपेक्षा लांबीत जास्त, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. त्यामुळे गाडी रुतत नाही, दगडावर टायर ताठ राहून फुटण्याऐवजी दबतो, आणि आत बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी आणि धाकट्याच्या मानेसाठी याहून मोठं काही नाही. डांबरावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर खडीच्या रस्त्याला मी २६ वर आणते, चिखलाला २०-२२, मऊ वाळूला १६ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जात नाही, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. हे माझ्या गाडीचे आकडे आहेत, तुमची जास्त जड असेल तर दोन-तीन वर ठेवा. हवा जितकी कमी तितका वेगही कमी, आणि १८ वर असताना झटक्यात वळायचं नाही. डांबर लागलं की आधी थांबून हवा भरायची. नरम टायर वेगात तापतो आणि फुटतो.

कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने लागणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज १५-२० अँपिअरचा असतो, दमदार कॉम्प्रेसर त्याहून जास्त ओढतो आणि दुसऱ्या टायरलाच फ्यूज जातो.

गाडी काढायच्या सामानावर नंतर लिहिते, त्याला निवांत वेळ हवा. तोवर तुम्ही एक करा. एका रविवारी घरासमोर उभे राहा, कशाला हात लावू नका, आणि बायकोला चाक बदलू द्या.

---

पाना१९

ताईंनी आतलं सांगितलं, मी खालचं सांगतो. २२ वर्षं गाड्यांखाली झोपून काम करतोय.

पहिलं, वजन. मॅन्युअलमध्ये किंवा दरवाजाच्या पाटीवर गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. धरून चालू की रिकामी २०५० आणि कमाल २६५०. म्हणजे हातात ६०० किलो. तुम्ही पाच जण मिळून २४५ धरा. दोन चाइल्ड सीट १६. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, तीन दिवस आणि एक दिवस जादा, झालं ८० लिटर म्हणजे ८० किलो. तंबू सोडून बाकीचं सामान, हत्यारं, स्वयंपाकाचं धरून ९०. विंच आणि लोखंडी बंपर ९०. रॅक आणि वरचा तंबू ९०. बेरीज ६११. म्हणजे तुमची यादी बसवली की घराच्या फाटकातून निघतानाच गाडी जास्त भरलेली. ब्रेक लांब लागतात, मागचे पाटे बसतात, शॉकर तापून तेल सोडतात, आणि हे सगळं पोरं आत असताना. यादीतलं १८० काढून टाका, गाडी सुखात राहील.

छताची मर्यादा वेगळीच असते. बऱ्याच गाड्यांना ती ७५ ते १०० किलो असते, तीही डांबरावरची, आणि रॅकचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. आडव्या उतारावर गाडी कलंडते ती वरच्या वजनानेच. छतावर फार तर झोपायच्या पिशव्या ठेवा. लिफ्टही याच कारणाने सोडा. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, शिवाय एक्सलचे कोन बदलतात आणि सीव्ही बूट (एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) लवकर फाटतात.

गाडी सामानासकट, माणसांसकट एकदा वजनकाट्यावर घ्या. अंदाज नेहमी कमी निघतो.

मग गाडी उचलून खालून बघायची. सीव्ही बूटच्या घड्या बोटांनी उघडून बघा, बारीक चीर वरून दिसत नाही आणि त्यातून ग्रीस जाऊन माती आत येते. बॉल जॉइंट आणि टाय रॉड (चाकाकडचे, स्टीअरिंगचे सांधे) यांचा ढिलेपणा. ब्रेकच्या रबरी नळ्या वळणावर तडकतात. डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा, दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय, तेल बदला आणि ब्रीदरची (हवा आत-बाहेर जायची) नळी वर नेऊन बांधा. बॅटरीचा पट्टा घट्ट आहे का. हे साधं वाटतं, पण हादऱ्याने सुटलेली बॅटरी बॉनेटला टेकली की आग. सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकाने काय केलंय कोणाला माहीत, त्यामुळे यातलं काही गृहीत धरू नका.

आणि स्टेपनी. गाडीच्या पोटाखाली साखळीने टांगलेली असेल तर ती आजच खाली उतरवून बघा. चिखल आणि गंजाने ती चरखी जाम होते. भर रस्त्यात पंक्चर झालेले लोक मी बघितलेत, चांगली भरलेली स्टेपनी खाली लटकतेय आणि ती उतरत नाहीये.

चाक बदललं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

---

मागची_सीट

गाडीतलं मला कळत नाही, नवरा चालवतो, मी मागे दोघांच्या मधे असते. म्हणून तिथलं सांगते.

काचा वर ठेवा. फांदी आत आली तर ती पोराच्या डोळ्याच्या उंचीवर येते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघण्याआधी लावून बघा, आतून उघडतंय का. ज्यांना गाडी लागते त्यांना खाली पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये बघू देऊ नका, समोर लांब बघायला लावा, आणि दर पाऊण तासाला थांबा. उलटीची पिशवी सीटच्या खिशात हवी, डिकीत नको.

प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी. हरवलास तर चालायचं नाही, जिथे आहेस तिथे बसून तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. आम्ही हे घरी खेळासारखं शिकवलं.

गाडी उभी असताना "दोन मिनिटंच" म्हणून झोपलेल्या पोराला आत सोडून जाऊ नका. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढतं. सगळे मोठे मिळून चाक बघत उभे असतात तेव्हा नेमकं हे होतं.

---

कच्चारस्ता

तिघांचेही मनापासून आभार. दोन आठवडे झाले, काय केलं ते लिहितो.

विंच, बंपर, लिफ्ट, वरचा तंबू, लाइट बार, सगळं रद्द. टायर मूळचेच निघाले, पाचही बदलले. दादा, स्टेपनीचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. चरखी अर्धा वेढा फिरली आणि अडकली. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी हातोडीने ठोकून ठोकून उतरली. साखळीच्या कड्यांमध्ये वाळलेला चिखल दगडासारखा झाला होता. डाव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट ढिला होता, तो बदलला. काट्यावर सगळ्यांसकट २५३० भरली.

रविवारी बायकोने चाक बदललं. गाडीबरोबर आलेला पाना आखूड आहे, त्याने तिला एकही नट सुटेना. उभी राहून पायाने दाबला तरी नाही. लांब दांड्याचा पाना आणला, त्याने सुटले. जॅक मऊ मातीत खचत होता, म्हणून खाली ठेवायला जाड प्लायवूडचा फूटभर तुकडा कापून घेतला. पहिल्यांदा ५५ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा ३०. नंतर ती म्हणाली, आता मला येताना भीती कमी वाटेल. हे ती आधी बोलली नव्हती.

आता राहिले दोन प्रश्न. विंच नाही, दुसरी गाडी बरोबर येईलच असं नाही, मग अडकलो तर कसं काढायचं? आणि ओढ्याचं काय?

---

चाकोरी

५५ वरून ३०, फार छान. तो आखूड पाना तुम्हाला घरासमोर कळला, हीच खरी कमाई.

पहिली गोष्ट, एकट्या गाडीने जाऊ नका. मी १४ वर्षांत मुलांना घेऊन एकट्या गाडीने गेलेच नाही असं नाही, पण फक्त अशा वाटांवर जिथून चालत दोन तासांत वस्ती गाठता येते. तुमच्या वाटेवर रेंज नाही आणि आईंना चालवणार नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत तारीख पुढे ढकला. ज्या नियमांवर मी वाद घालत नाही त्यातला हा एक.

काढायचं सामान थोडंच लागतं. लांब दांड्याचं फावडं. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या, निदान दोन. एक ताणणारा दोर किंवा पट्टा, ज्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट आहे. दोन शॅकल (दोर हुकाला जोडायचे लोखंडी कडे), १९ मिलिमीटरचे, ज्यांच्यावर ४.७५ टन कोरलेलं असतं, किंवा मऊ दोराचे शॅकल, ते हलके आणि सुटले तरी कमी घातक. जाड हातमोजे.

चाक फिरतंय आणि गाडी पुढे जात नाही असं वाटलं, की त्याच क्षणी पाय काढा. लोक इथेच चुकतात. आणखी दहा सेकंद रेटलं की गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. उतरा, हवा आणखी कमी करा, चारही चाकांसमोरची आणि पोटाखालची माती काढा, फळ्या घाला, सावकाश निघा. वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक घसरलं की इंजिनचा जोरच काढून घेतला जातो. दहातल्या आठ वेळा दोराला हात लावायची वेळच येत नाही.

दोर लावायचाच झाला तर कशाला लावता ते बघा. टोइंगचा गोळा यासाठी नसतो. झटक्याने तो तुटून तोफगोळ्यासारखा उडालाय आणि माणसं मेली आहेत. ट्रकवर गाडी बांधायला दिलेल्या पातळ कड्याही यासाठी नसतात, त्या दिसतात मात्र अगदी हुकासारख्या. गाडीच्या चासीला बोल्ट केलेला, ओढण्यासाठीच दिलेला हुक पुढे एक आणि मागे एक आहे का ते पाना१९ दादांसारख्या माणसाकडून बघून घ्या. नसेल तर तो बसवणं हा तुमचा पुढचा खर्च.

आणि मुलं. ओढायच्या आधी मुलं आणि आई गाडीतून उतरून दोराच्या लांबीच्या निदान दीडपट लांब, बाजूला. दोर ९ मीटरचा असेल तर १४ मीटर. दोराच्या रेषेत कोणीही नाही. आमच्याकडे याला ठरलेली रीत आहे. मोठी मुलगी धाकट्याचा हात धरते, मी दाखवलेल्या झाडाला दोघं पाठ टेकतात आणि "टेकलो" असं ओरडतात. तो आवाज ऐकल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही.

ओढ्याबद्दल. गाडीची पाण्यातून जायची खोली मॅन्युअलमध्ये असते, ती स्थिर पाण्याची. वाहत्या पाण्याला वेगळा हिशेब. गाडी साडेचार मीटर लांब आणि १.८ रुंद धरा. पाणी फरशीला लागलं की त्यापुढच्या दर १० सेंटिमीटरला, अगदी ढोबळ, ८०० किलो वजन पाणी उचलून धरतं. तुमची गाडी २५३० भरली आहे. म्हणजे फरशीच्या वर फूटभर पाणी आलं की चाकं जमिनीला नावापुरतीच टेकलेली, आणि प्रवाह नेईल तिकडे गाडी. गाडी तरंगायच्याही आधी, चाकांवरचा भार हलका झाला की जोराचं पाणी तिला बाजूला सरकवतं. स्नॉर्कल यात काहीच करत नाही, तो फक्त इंजिनला हवा देतो.

मी असं करते. आधी एक मोठा माणूस काठी घेऊन, पलीकडच्या दुसऱ्या मोठ्याच्या नजरेखाली चालून बघतो. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा पाय ओढला जात असेल, किंवा तळ दिसत नसेल इतकं गढूळ असेल, तर आम्ही जात नाही. ज्या पाण्यातून चालत जायची भीती वाटते त्यात गाडी आणि मुलं घालायची नाहीत. जाणार असलो तर फोर-लो (चारही चाकांना जोर, लो रेंजमध्ये), दुसरा गिअर, सारख्या वेगाने, मधे थांबायचं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात. बाहेर आलं की ब्रेक हलके दाबत थोडं चाला, ओले ब्रेक धरत नाहीत. आणि जाताना ओलांडलेला ओढा परतीला तेवढाच असेल असं धरू नका. वर कुठे पाऊस झाला असेल ते तुम्हाला खाली कळत नाही. म्हणून तुमच्या आखणीत ओढ्याशिवाय परत यायची दुसरी वाट असायला हवी, आणि तिला पुरेल एवढं डिझेल. मी टाकीचे तीन भाग धरते: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. वाळूत आणि फोर-लो मध्ये गाडी डांबरापेक्षा खूप जास्त पिते.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न, तुम्हाला लागलं तर. तिला गाडी चालवता आली पाहिजे, तीही फोर-लो मध्ये, तीही भरलेली. एक शनिवार त्यासाठी द्या आणि तुम्ही मागे बसा. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी आडवी वळवायची नाही, रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागे यायचं, हे तिने हाताने केलेलं असू दे. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि त्यात काय आहे ते तिला डोळे मिटून सांगता यावं. अग्निशामक एबीसी पावडरचा, निदान १ किलोचा, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा. हादऱ्याने त्यातली पावडर तळाला बसते, महिन्यातून एकदा उलटा करून हलवा.

रेंज नसलेल्या वाटेवर, तिथल्या नियमात बसत असेल तर, उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारं यंत्र भाड्याने किंवा विकत घ्या. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे बीकन नोंदणी करून घ्यावे लागतात, ते निघण्याआधी करा. यंत्र नसलं तरी एक गोष्ट कराच. घरी थांबलेल्या एका माणसाला कागदावर वाट, गाडीचा नंबर, आणि "रविवारी रात्री ८ पर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरवर कळव" एवढं लिहून द्या. अडकलात तर गाडी सोडून जाऊ नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि पाणी, सावली गाडीपाशीच असते.

शेवटचं, चिखलात किंवा वाळूत रुतलात तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघा. ते बुजलेलं असताना एसीसाठी इंजिन चालू ठेवून मुलांना आत बसवलं तर आत विषारी वायू भरतो. त्याला वास नसतो.

---

पाना१९

एक राहिलं. परत आल्यावर डांबरावर ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही नको. थांबा आणि रिमच्या आतल्या बाजूने हात फिरवा. तिथे मूठभर चिखल वाळून चिकटलेला असतो, चाकाचा तोल जातो. काठीने खरवडून काढला की थरथर जाते. गेली नाही तर मात्र नट, बॉल जॉइंट आणि टायरची आतली बाजू बघा. दिसत नाही म्हणून आतली बाजू कोणी बघत नाही, आणि दगडाने कापलेली असते तीच.

---

कच्चारस्ता

ताई, दादा, तारीख तीन आठवडे पुढे ढकलली. मावसभाऊ त्याची गाडी घेऊन येतोय, त्याच्याकडेही लो रेंज आहे. पुढे आणि मागे दोन्ही हुक चासीला बसवून घेतले. मागे जो "हुक" म्हणून मी बघत होतो तो बांधायचा कडाच निघाला. गेल्या वेळी मित्राने मला त्यालाच दोर लावून ओढलं होतं. हे कळल्यावर मी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.

शनिवारी बायकोने गाडी चालवली, मी मागे दोघांच्या मधे. मागून रस्ता किती वेगळा दिसतो. पुढे मला जो साधा खड्डा वाटतो त्यात धाकट्याचं डोकं इकडून तिकडे जात होतं. तिने हवा २६ वर आणली आणि परत त्याच खड्ड्यातून नेलं, फरक माझ्या मानेला कळला. ओढ्याला दुसरी वाट सापडली आहे, ३४ किलोमीटर जास्त. घरचा कागद वडिलांकडे देऊन झाला.

मुलांनी "टेकलो" उचललंय, घरातसुद्धा भिंतीला टेकून ओरडतात.

---

चाकोरी

आता निश्चिंतपणे जा. फक्त निघायच्या आदल्या दिवशी कॉम्प्रेसर बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा, आणि नळी मागच्या उजव्या चाकापर्यंत पोचते का ते बघा. बऱ्याच नळ्या एक हात कमी पडतात.